आधी कुठलं पान पिवळं पडलं?

सोयाबीन उगवून पंचवीस दिवस झाले होते. आठवडाभर पावसाची झड लागली होती, ती थांबली, दोन दिवस ऊन पडलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेले तर खालच्या अंगाचा जवळजवळ अर्धा एकर पिवळा पडलेला. वरच्या अंगाला तेच बियाणं, त्याच दिवशी पेरलेलं, गडद हिरवं. मधे रेघ मारल्यासारखी हद्द मात्र नव्हती. उतार जसा खाली येतो तसा हिरवा रंग फिका होत गेला होता.

दादानं बांधावरूनच निदान केलं. "पावसानं नत्र धुऊन नेलंय. थोडा युरिया दे, चार दिवसांत पीक उचल घेईल." मलाही ते पटलं. पीक पिवळं म्हणजे नत्र कमी, हे लहानपणापासून ऐकत आलेली मी. दुसरं काही सुचण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच संध्याकाळी पिवळ्या पट्ट्यात युरिया विसकटला.

आठवड्यानं पिवळेपणा कमी होण्याऐवजी वाढला. शेंड्याची नवी पानं पिवळी नाही, पांढुरकीच निघायला लागली. काहींच्या कडा करपून तपकिरी झाल्या. वरच्या अंगाची झाडं तोवर गुडघ्याला लागली होती आणि ही वीतभरावरच अडली होती.

मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"हा फोटो लांबून काढलाय. लांबून सगळं पिवळं सारखंच दिसतं. तुम्ही आत्ता शेतात आहात का?"

"हो सर."

"मग खाली बसा. एका झाडाची सगळ्यात खालची पानं कशी आहेत, ते सांगा."

मी ओळीत उकिडवी बसले. पंधरा दिवस हे पीक मी रोज बघत होते, पण उभ्यानं. उभ्यानं फक्त शेंडा दिसतो. खाली बसल्यावर दिसलं की तळाची एकेरी पानांची जोडी हिरवी होती. तिच्यावरचं पहिलं तीन पानांचं पान, तेही हिरवं. दुसरं जरा फिकं. तिसऱ्या पानाची मात्र पात पिवळी आणि शिरा हिरव्या, अगदी बारीक उपशिरांसकट. पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्यानं जाळी विणावी तशी. सगळ्यात वरचं, नुकतं उलगडलेलं पान हस्तिदंती, आणि त्याच्या शिरांचाही हिरवेपणा विरत चाललेला.

हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "मग हे नत्र नाही. नत्र कमी पडलं असतं तर उलटं दिसलं असतं."

हे "उलटं" काय ते त्यांनी मला समजावलं. ते नीट कळलं नसतं तर पुढचं सगळं मी आंधळेपणानं केलं असतं. झाडाला अन्नद्रव्य कमी पडलं की त्याचा पहिला हक्क नव्या वाढीचा. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत सहज फिरतात. जमिनीतून पुरेसं मिळेना झालं की झाड जुन्या पानांतून ते काढून शेंड्याकडे पाठवतं. म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात आणि शेंडा बराच काळ हिरवा राहतो. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं तसं नाही. एकदा पानात बसले की ते तिथून फारसे हलत नाहीत. जुन्या पानात भरपूर असलं तरी नव्या पानाला त्याचा उपयोग नाही. म्हणून यांची कमतरता शेंड्यावर दिसते. गंधक, जस्त, मंगल (म्हणजे मँगनीज) आणि तांबं या दोघांच्या मधले, पण त्यांचा कल बहुतेक वेळा शेंड्याकडेच.

म्हणजे पहिला प्रश्न "पान कसं दिसतंय" हा नाहीच. "आधी कुठलं पान पिवळं पडलं" हा आहे. त्याच्या उत्तरानं निम्मे संशयित गळतात. मग उरलेल्यांत रंग बघायचा. पान सरसकट पिवळं असेल, शिरांसकट, तर शेंड्यावर गंधक आणि तळाला नत्र. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर शेंड्यावर लोह किंवा मंगल, तळाला मॅग्नेशियम. पालाशात जुन्या पानाची कड भाजल्यासारखी होते. स्फुरदात पान बऱ्याचदा जांभळट पडतं आणि झाड खुरटतं. मक्याला जस्त कमी पडलं की कोवळ्या पानाच्या बुडाकडे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढुरके रुंद पट्टे येतात. आणि पिवळेपणा एकाच पानावर वेडावाकडा, हिरव्या-पिवळ्या ठिगळांचा असेल, शेजारचं झाड धडधाकट असेल, तर अन्नद्रव्यांच्या मागे लागण्याआधी विषाणूचा विचार करायचा. अन्नद्रव्याची कमतरता मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसते आणि शेतात पट्ट्यापट्ट्यानं येते.

माझं वर्णन लोहाकडे बोट दाखवत होतं. पण सरांनी तसं ठामपणे म्हटलं नाही. "लोह वाटतंय. मंगलही असू शकेल, जस्तही थोडं असेल. मी फोनवरून सांगितलं म्हणून अर्धा एकर फवारू नका. पानालाच विचारा." त्यांनी सांगितलेली पद्धत मी तेव्हापासून दर हंगामात वापरते, म्हणून ती सविस्तर लिहिते.

चार बाटल्यांत प्रत्येकी एक लिटर पाणी घेतलं. एकीत ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. दुसरीत ५ ग्रॅम झिंक सल्फेट, तिसरीत ५ ग्रॅम मँगनीज सल्फेट, चौथीत १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. पाचवी बाटली नुसत्या पाण्याची. द्रावण पानावर पसरावं म्हणून प्रत्येकीत स्टिकर या चिकटद्रव्याचे दोन थेंब. पिवळ्या पट्ट्यातली सारख्या उंचीची पंचवीस झाडं निवडली, पाच-पाचचे गट केले आणि प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. लोहाला लाल, जस्ताला निळा, आणि असंच पुढे. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, लहान ब्रशनं द्रावण लावलं. तेही पूर्ण पानाला नाही. सोयाबीनचं पान तीन पर्णिकांचं असतं. मी फक्त मधल्या पर्णिकेला लावलं. बाजूच्या दोन तशाच कोऱ्या ठेवल्या, म्हणजे तुलना त्याच पानावर.

या चारही क्षारांत गंधक असतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. गंधकाची उणीव असती तर चारही रंगांच्या दोऱ्यांवर थोडाफार फरक दिसायला हवा होता, आणि फक्त पाण्याच्या गटात दिसला नसता. न ठरवताच पाचव्या संशयिताचीही परीक्षा झाली.

तीन दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी सकाळी लाल दोऱ्याच्या पहिल्याच झाडाशी बसले आणि कितीतरी वेळ तिथून उठलेच नाही. मधली पर्णिका हिरवी झाली होती, पण सगळी नाही. जिथं ब्रश नीट टेकला होता तिथं हिरवा पट्टा आणि कडेला जिथं नुसते शिंतोडे उडाले होते तिथं मोहरीएवढे हिरवे ठिपके. ठिपक्याच्या बाहेर पात पिवळीच. बाजूच्या दोन्ही पर्णिका पिवळ्याच, जणू त्यांचा या झाडाशी संबंधच नाही. लोह पानात हलत नाही, हे मी पाच दिवसांपूर्वी फोनवर ऐकलं होतं. आता ते समोर ठिपक्यांनी लिहिलेलं होतं. निळ्या आणि बाकीच्या दोऱ्यांवर काहीही फरक नव्हता.

सरांना कळवलं तर त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये यूसेब ग्री नावाच्या संशोधकानं १८४३-४४ मध्ये पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाच्या क्षाराचं द्रावण लावून ती हिरवी करून दाखवली होती. लोह हरितद्रव्याचा घटक नाही. हरितद्रव्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम असतं. पण ते हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागतंच. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं जुना प्रयोग मी पाच रुमालाएवढ्या जागेत पुन्हा केला होता, आणि उत्तर तेच आलं होतं.

फवारणीत मात्र दोन चुका केल्या, त्यातली एक टाळता आली असती. घाईत मी हिराकसाचं प्रमाण दुप्पट धरलं, १ टक्का, आणि फवारणी भर दुपारी घेतली. दुसऱ्या दिवशी कोवळ्या पानांवर काळपट चट्टे. आधीच अशक्त झालेलं पान, त्यात उन्हात द्रावण सुकून क्षार घट्ट झाला. दुसरी चूक म्हणजे उरलेलं द्रावण रात्रभर पंपात ठेवलं. सकाळी ते पार बदलून गेलं होतं, फिकं हिरवट जाऊन गंजाचा तपकिरी रंग, तळाला गाळ आणि नोझल तुंबलेलं. फेरस लोह हवेत राहिलं की फेरिक होतं आणि बसतं. पानाला त्याचा उपयोग उरत नाही. पुढच्या वेळी लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, आम्ल आधी पाण्यात, हिराकस नंतर, आणि लागेल तेवढंच ताजं द्रावण. फवारणी संध्याकाळी. दहा दिवसांच्या अंतरानं दोन वेळा घेतली. फवारलेली पानं हिरवी झाली.

आणि त्यानंतर शेंड्यातून आलेलं पान पुन्हा पिवळं.

तेव्हा कळलं की मी पानाला औषध देत होते, झाडाचं दुखणं तसंच होतं. मग माती तपासायला द्यायची ठरवलं. तिथंही पहिला नमुना वाया गेला. गंजकी कुदळ आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरली होती. प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं आणि त्यांनी नमुना घेतलाच नाही. लोह आणि जस्त मोजायचं असेल तर लोखंडाच्या आणि जस्ताच्या भांड्यातली माती काय उत्तर देणार! दुसऱ्या वेळी लाकडी पाचर आणि प्लॅस्टिकची बादली घेतली. पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्याचे नमुने वेगवेगळे, प्रत्येकी दहा-बारा ठिकाणची २० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती, सावलीत वाळवलेली.

अहवाल आला आणि मी आणखी बुचकळ्यात पडले. पिवळ्या पट्ट्यात सामू, म्हणजे पीएच, ८.३, मुक्त चुना १४ टक्के. उपलब्ध लोह किलोला ५.२ मिलिग्रॅम. त्यापुढे शेरा "पुरेसे", कारण धोक्याची रेषा सर्रास ४.५ धरतात. हिरव्या पट्ट्यात लोह थोडंच जास्त होतं. चुना मात्र ५ टक्के. पानांचीही तपासणी केली होती; पिवळ्या पानातलं एकूण लोह हिरव्या पानाच्या जवळपास भरलं. म्हणजे मातीत लोह, पानातही लोह, आणि तरी पान उपाशी.

हे कोडं सुटायला मला बरेच दिवस लागले. जमिनीत लोहाचा तुटवडा जवळजवळ कधीच नसतो. पृथ्वीच्या कवचात वजनानं ते साधारण ५ टक्के आहे. प्रश्न ते विरघळण्याचा असतो. सामू एका अंकानं वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजार पटीनं घटते. सोयाबीनसारखी पिकं त्यावर स्वतः उपाय करतात. मुळं आम्ल सोडतात, भोवतालचं लोह विरघळवतात, त्याचं फेरसमध्ये रूपांतर करतात आणि आत घेतात. पण चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही, तो चुन्याशी मिळून बायकार्बोनेट बनतो, आणि मुळानं सोडलेलं आम्ल तिथल्या तिथं मारलं जातं. आत गेलेलं लोहही नीट कामी येत नाही, म्हणूनच पानाच्या अहवालावर विसंबता येत नाही. आणि माझा युरिया? तो काही दिवसांत नायट्रेट होतो. नायट्रेट शोषताना मुळाभोवतीचा सामू आणखी वर जातो. ज्या आम्लावर झाडाची सगळी भिस्त होती त्यावरच मी घाव घातला होता. हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती, पण तिचा अर्थ आता लागला. त्या पिवळ्याजर्द सोयाबीनमधलं गवत हिरवंगार होतं. तेव्हा खुरपणी राहिली म्हणून नुसती चुटपुट लागायची. गवतवर्गीय झाडं आम्लावर अवलंबून नसतात. त्यांची मुळं लोहाला पकडून आणणारी खास द्रव्यं सोडतात आणि चुन्यातही लोह मिळवतात. त्याच मातीतलं हिरवं गवत मला सांगत होतं की लोह इथं आहे, फक्त हाताला लागत नाही.

चुनाच घालवावा म्हटलं तर तो हिशेब मी कागदावर मांडून बघितला. एका एकरात वरच्या १५ सेंटीमीटरच्या थरात साधारण ९०० टन माती. त्याच्या १४ टक्के म्हणजे सव्वाशे टन चुना. तो पूर्ण मारायला ४० टन गंधक लागेल. तो विचार तिथंच सोडला. चुन्याची जमीन चुन्याचीच राहणार. बदलता येण्यासारखं होतं ते पाणी.

खालच्या अंगाला उताराच्या कडेनं गुडघाभर खोल चर काढला. पुढच्या हंगामात तिथं सपाट पेरणी न करता उंच गादीवाफ्यावर पेरलं, म्हणजे पावसाचं पाणी सरीत उतरेल आणि मुळांना वाफसा, म्हणजे बेताची ओल आणि हवा, लवकर मिळेल. कुजलेलं शेणखत भरपूर दिलं. ही कल्पना शेतानंच दिली होती: पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध खाटेएवढा एक हिरवा गोल होता, आणि दादाला आठवलं की दोन वर्षांपूर्वी खताचा ढीग तिथं पडून होता. सेंद्रिय पदार्थ कुजताना लोहाला विरघळलेल्या रूपात धरून ठेवणारी आम्लं तयार होतात. शिवाय चुनखडीत तग धरणारं वाण घेतलं. माझ्या मते या सगळ्यात वाणाची निवड सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

चिलेटेड लोहाबद्दलही लिहिते, कारण तिथं पैसा वाया जाताना मी बघितलाय. चिलेट म्हणजे लोहाभोवतीचं कवच, पण प्रत्येक कवच सगळ्या सामूत टिकत नाही. ईडीटीए हे कवच साडेसहा सामूच्या वर मातीत ढिलं पडतं, डीटीपीए साडेसातपर्यंत चालतं. ८.३ ला ते मातीत दिलं तर लोह सुटून चुन्यात अडकतं. तिथं ईडीडीएचए लागतं, पाण्यात गडद लाल होणारं. ते नऊपर्यंतही टिकतं. फवारणीला ईडीटीए ठीक, कारण तिथं मातीशी गाठच पडत नाही. पिशवीवर नुसतं "चिलेटेड लोह" लिहिलेलं असेल तर कुठलं, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

गादीवाफे केले त्या वर्षी पिवळेपणा आला, पण दोन पानांपुरता. एका फवारणीनंतरचं नवं पान हिरवं आलं, ते मी तीनदा जाऊन बघितलं. एक झाड हळूच उपटलं. मुळांवर नत्र पकडणाऱ्या जिवाणूंच्या गाठी होत्या. नखानं एक गाठ चिरली तर आत गुलाबी. तो रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्यातही लोह असतं. आदल्या वर्षीच्या गाठी बारीक आणि आतून पांढरट होत्या.

पुढच्या मोसमात दुसऱ्याच तुकड्यात पुन्हा पिवळं दिसलं आणि हात आपोआप हिराकसाकडे गेला. पंप भरायच्या आधी खाली बसले. शेंडा हिरवा, तळाच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपलेल्या. हे पालाश. त्या तुकड्यात दर वर्षी आम्ही नत्र-स्फुरद देत होतो आणि काड गुरांसाठी उचलून नेत होतो. काडाबरोबर पालाश शेताबाहेर जात होता. मातीच्या अहवालानंही तेच सांगितलं. हिराकस तसंच परत ठेवलं.

खालच्या कोपऱ्यात चराच्या तोंडाशी अजूनही चार ओळी दर पावसाळ्यात पिवळ्या पडतात. तिथं चुना सगळ्यात जास्त आहे. यंदा त्या ओळींत सोयाबीन नाही, मका घेतलाय. कालच बघून आले, सहा पानांवर आहे. पाचव्या पानाच्या बुडाकडे फिके पट्टे दिसायला लागलेत, म्हणून पाच झाडांना निळा दोरा बांधून आले.